होशंग आगांची शोकसभा

कॅनबेरात कुठूनही कुठे जायचं म्हटलं तरी वाटेत राउंडअबाउट लागतात. एक संपला की दुसरा. नवशिक्याला धडकी भरवणारी ही गोल प्रकरणं होशंग आगांना मात्र फार आवडायची. "हे शहर इराणी लोकांनी वसवलं असतं ना, सेलिन खानुम," ते म्हणायचे, "तर अजून एकही माणूस ऑफिसात पोचला नसता." त्यांच्याकडे म्हणे दारातून आत जातानासुद्धा 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्हीच' असं करण्यात पाच-पाच मिनिटं जातात. चार बाजूंनी चार इराणी एकदम येऊन थांबले तर तिथेच संध्याकाळ व्हायची. "म्हणून इथला नियम लक्षात ठेवा. जो आधीच गोलात आहे त्याला वाट द्यायची. एकदाच द्यायची. आग्रह करत बसायचं नाही."

होशंग आगा, म्हणजे होशंगराव, माझे ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर; 'खानुम' म्हणजे बाई. आम्ही गुंगालिनला राहायला आलो त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला, नेल्सनला, सिडनीत कॉन्ट्रॅक्ट मिळालं. तो सोमवारी पहाटे जायचा आणि शुक्रवारी रात्री उगवायचा. ट्रॅम नुकतीच सुरू झालेली, त्यामुळे माझं ऑफिस भागत होतं. पण आमच्या मुलीचं, रियाचं नेटबॉल, तिचं व्हायोलिन, वाणसामान, डॉक्टर, हे सगळं ट्रॅमच्या रुळांवर थोडंच येतं? वसईत मी आयुष्यभर स्कूटी चालवली होती. चार चाकांचं मात्र नाव काढलं की मी विषय बदलायचे. पंचेचाळिशीला टेकलेली बाई शिकाऊ चालकाची एल प्लेट लावून रस्त्यात उभी राहणार, या कल्पनेनेच मी अर्धी झाले होते.

पहिल्या दिवशी दारात एक पांढरी छोटी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून एक उंच, सडपातळ, सत्तरीचे गृहस्थ उतरले. अंगात तपकिरी कोट, गळ्यात टाय, बूट चकाचक. मला वाटलं कोणीतरी विमा विकायला आलं. त्यांनी छातीवर हात ठेवून किंचित वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "घाबरला आहात ना? छान. न घाबरणाऱ्यांना मी शिकवत नाही."

ते कधी ओरडले नाहीत. चूक झाली की फक्त त्यांची उजवी भुवई वर जायची. मोठी चूक झाली की दोन्ही. एकदा भर बाजाराच्या रस्त्यात माझ्याकडून गाडी अशी काही वाकडी उभी राहिली की मागे पाच-सहा गाड्या खोळंबल्या. कशीबशी ती बाजूला घेतली आणि रडवेली होऊन नेल्सनला फोन लावला. "अरे, आज माझी पार अब्रू गेली!" शेजारी होशंग आगांनी घाईघाईने आपल्या कपाळाला हात लावला, आरसा खाली ओढून त्यात पाहिलं आणि म्हणाले, "नाही, दोन्ही आहेत जागेवर." फारसीत अबरू म्हणजे भुवई. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच इज्जतवाली आबरू आहे, पण उच्चार जरासा लांबवावा लागतो. तो एवढासा फरक मला समजावून देताना त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. त्या दिवसापासून गाडीत बसल्यावर ते मला विचारायचे, "काय, आज अब्रू शाबूत ठेवायची ना?"

त्यांच्या गाडीत पिस्त्यांचा एक डबा असायचा. धडा संपेपर्यंत तो उघडायचा नाही. संपला की दोन पिस्ते मला, दोन त्यांना. धडा वाईट झाला असेल तर मला तीन. थर्मासमधला काळा चहा ते साखरेचा खडा दातांत धरून प्यायचे. आणि एक विचित्र सवय होती. मी रिव्हर्स पार्किंग करायला लागले की ते डोळे मिटून हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं, म्हातारा जीव मुठीत धरून प्रार्थना करतोय. मीही मनातल्या मनात एक 'नमो मारिया' म्हणून टाकायचे.

ती प्रार्थना नव्हती हे मला कळलं ते मी पहिल्यांदा टेस्टमध्ये नापास झाले त्या दिवशी.

टेस्ट घेणारा निघून गेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. होशंग आगांनी मला हळूच शेजारच्या सीटवर जायला सांगितलं, स्वतः गाडी चालवत येराबी तळ्यापाशी आणली आणि काठावरच्या बाकावर चहा ओतला. मग मला बोलतं करावं म्हणून की काय, त्यांनी स्वतःची गोष्ट काढली.

"मी कवी होतो," ते म्हणाले. "तुम्ही गाडी मागे घेता तेव्हा मी माझ्याच कविता म्हणतो. मध्यम लांबीची एक आहे, ती संपायच्या आत गाडी लागली की विद्यार्थी तयार झाला."

"माझी कधी लागली?"

"तुमच्या वेळी मी लांब कविता घेतो."

मी हसले. त्यांना तेच हवं होतं.

त्यांचं एकच पुस्तक निघालं होतं, तिशीच्या आत. 'रहगुजर' या नावाने लिहायचे, म्हणजे वाटसरू. त्याआधी काही महिने ते तुरुंगात होते. सुटल्यावर करीम नावाच्या एका छापखानेवाल्या मित्राने पुस्तक छापलं. थोड्याच दिवसांत धरपकड सुरू झाली, छापखान्याला कुलूप लागलं, बहुतेक प्रती जप्त झाल्या आणि करीमलाही नेलं. होशंग आगा डोंगरातून तुर्कस्तानात निसटले. पुढे त्यांची बायको महीन तिथे पोचली. मग ऑस्ट्रेलिया. मुलगी शीरीन इथेच जन्मली, आता मेलबर्नला डॉक्टर आहे. महीनबाई मी त्यांना भेटायच्या काही वर्षं आधी गेल्या होत्या.

"आणि कविता?" मी विचारलं.

"लिहितो की. पण वाचणार कोण? शीरीनला फारसी बोलता येतं, वाचता येत नाही. महीन होती तेव्हा ती ऐकायची. भाजी चिरता चिरता ऐकायची आणि सुरी थांबली की मला कळायचं, ओळ जमली." त्यांनी कपातला उरलेला चहा गवतावर ओतला. "आता सुरी नाही."

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. त्या दिवशी पिस्त्यांचा अख्खा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. नंतरही ते येत राहिले, शिकवायला नाही तर रविवारच्या जेवणाला. माझ्या हातचं बांगड्याचं कालवण ते नाकातून पाणी येईपर्यंत खायचे आणि रियाला म्हणायचे, "तुझी आई गाडी सावकाश चालवते, मिरची मात्र फार वेगात." रिया कधी मराठीत उत्तर देत नाही, पण जेवताना आमचे मराठी शब्द उचलू बघणाऱ्या होशंग आगांशी बोलताना ती मोडकंतोडकं मराठी काढायची. का, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित घरात आणखी एक माणूस परक्या भाषेत अडखळतोय, याचा तिला आधार वाटत असेल.

मग करोना आला. पहिलं वर्ष कॅनबेराला तसं सौम्य गेलं, पण एकवीस सालच्या ऑगस्टात लॉकडाउन लागला आणि सगळं ठप्प झालं. नेल्सन सिडनीत अडकला. होशंग आगांची गाडी कारपोर्टमध्ये उभी राहिली. शीरीन मेलबर्नच्या हॉस्पिटलात दिवसरात्र कामावर. यायचं म्हटलं तरी वाटेत दोन सीमा बंद. ती मला रोज मेसेज करायची. "बाबा जेवले का? विचारशील?" मी त्यांच्या दाराशी डबा ठेवून मागे सरकायचे. ते दार उघडून छातीवर हात ठेवायचे. टाय असायचाच. कुठे जायचं नव्हतं, तरी टाय.

अशाच एका दुपारी डबा उचलायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. "सेलिन खानुम, एक गंमत सांगू? मी मेलो."

शीरीनने त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. इराणातल्या कुठल्याशा हॉस्पिटलात एक नर्स, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी उभी राहून कविता म्हणत होती. लाखो लोकांनी तो पाहिला होता. खाली लिहिलं होतं, 'दिवंगत कवी रहगुजर यांची कविता'. होशंग आगांनी ती ओट्यावर उभ्या उभ्या मला इंग्रजीत सांगितली. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जाड काच असायची. पलीकडे महीन, तेव्हा लग्न व्हायचं होतं. टेलिफोन बहुतेक वेळा बंदच. त्या काचेची ती कविता: तिकडून तू श्वास टाक, इकडून मी टाकतो. मधे वाफ धरेल. तिच्यावर बोटाने काही लिहू नकोस. पुसूही नकोस.

काचेमागची माणसं त्या वर्षी घरोघरी होती. त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांनी तो व्हिडिओ मला दाखवला. नर्सचं म्हणणं संपलं, चित्र थांबलं, तरी ते फोनकडे बघतच राहिले. अजून काही यायचं बाकी असल्यासारखे.

"मग सांगा ना लोकांना, तुम्ही जिवंत आहात म्हणून!"

"कशाला? मेल्यापासून माझी कविता फार सुधारली आहे." एवढं म्हणून ते डबा घेऊन आत गेले.

मला तो विनोद वाटला. शीरीनला अजिबात वाटला नाही. तिने फोनवर बापाशी भांडण मांडलं, शेवटी थकून मला म्हणाली, "तू बोल त्यांच्याशी. माझ्या वडिलांवर लोक मृत्युलेख लिहितायत, आणि ते बसून लाइक करतायत!"

दोन दिवसांनी आम्ही तळ्याला फेरी मारायला गेलो. दुसऱ्याच्या घरात जायला बंदी होती, पण बाहेर अंतर ठेवून, मास्क लावून चालता यायचं. मी विषय काढला.

"डोंगरातून येताना माझ्याबरोबर एक मुलगा होता," मग ते म्हणाले. "तो बर्फात गेला. घरी निरोप पोचला की दोघंही गेले. आईला काही दिवसांनी खरं कळवलं. पण दारावर चौकशीला येणारे लोक त्या बातमीमुळे यायचे थांबले होते. म्हणून तिने सगळ्यांसमोर माझं सुतक पाळलं. मित्र रडले. करीम तेव्हा आत होता. माझं पुस्तक छापलं म्हणून दोन वर्षं आत होता. तोही रडला असेल." ते थांबले. "आधी भीतीने गप्प राहिलो. मग उशीर झाला म्हणून. माझ्यासाठी रडलेल्या माणसांना आता काय सांगू? तुम्ही रडत होतात तेव्हा मी कॅनबेरात रिव्हर्स पार्किंग शिकवत होतो?"

तळ्यावर काळे हंस होते, ते बघत आम्ही परत आलो.

पुढच्याच आठवड्यात शीरीनने कळवलं की तेहरानमधले काही जुने साहित्यप्रेमी झूमवर 'रहगुजर स्मृतिसभा' घेतायत. मला वाटलं, होशंग आगा ऐकूनसुद्धा घेणार नाहीत. पण त्यांचाच फोन आला. "सेलिन खानुम, तुम्ही आयटीत आहात. मला माझ्या शोकसभेला न्याल का? मागच्या रांगेत बसू. बोलायचं नाही."

तेहरानात सकाळ होती, आमच्याकडे चार वाजून गेले होते. तळ्याकाठच्या पिकनिक टेबलावर मी लॅपटॉप ठेवला, फोनचा हॉटस्पॉट लावला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सप्टेंबर असला तरी वाऱ्याला धार होती. होशंग आगा काळा सूट घालून आले होते. "स्वतःच्या असल्या तरी शोकसभेला असंच जातात," ते म्हणाले. कॅमेरा बंद, माइक बंद. लॅपटॉप माझा, त्यामुळे स्क्रीनवर त्यांच्या चौकटीत माझंच नाव: सेलिन. शीरीनही हॉस्पिटलच्या ब्रेकमध्ये जोडली गेली होती आणि मला व्हॉट्सअॅपवर भाषांतर पाठवत होती.

सुरुवातीला मजाच झाली. एका प्राध्यापकांनी सांगितलं की रहगुजर कॉलेजात त्यांच्या शेजारच्या बाकावर बसायचे. "मी कॉलेजात गेलोच नाही," होशंग आगा मास्कच्या आत पुटपुटले. दुसऱ्या एकाने सांगितलं की कवीला पोहायला फार आवडायचं. "बुडता बुडता वाचलो होतो मी." पण एकेक चेहरा येत गेला तसे ते गप्प होत गेले. एका टक्कल पडलेल्या माणसाकडे बघून त्यांनी नुसतंच नाव घेतलं, आणि टेबलाची कड घट्ट धरली.

सगळ्यात शेवटी एक म्हातारी बाई आली. कोणीतरी नातवंडाने फोन धरला असावा, कारण निम्मा वेळ तिचं कपाळच दिसत होतं. होशंग आगा एकदम पुढे झुकले.

"पूरान," ते म्हणाले. "करीमची बायको."

शीरीनचे मेसेज भराभर यायला लागले. पूरान खानुम सांगत होती की करीम जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तक छापल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं, त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याला खंत होती ती वेगळीच. त्या रात्री घाईघाईत छपाईचे खिळे जुळवताना काचेच्या कवितेची शेवटची ओळ त्याच्या हातून राहून गेली. पुस्तक बांधून झाल्यावर लक्षात आलं. तो कवी मुलगा रागावला नाही, म्हणाला, पुढच्या आवृत्तीत घालू. पुढची आवृत्ती कुठली! हस्तलिखित तर पोलीस घेऊन गेले. "करीम शेवटच्या आजारातही ती ओळ आठवायचा प्रयत्न करत होता," ती म्हणाली. "त्याच्याकडे एवढीच एक गोष्ट त्या मुलाची ठेव होती आणि ती हरवली. आता सगळं जग ती कविता अर्धीच म्हणतंय. पुरी ज्याला येत होती तो गेला."

मी होशंग आगांकडे पाहिलं. त्यांनी मास्क खाली ओढला होता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटाने स्क्रीनवरचं माइकचं चित्र दाखवलं.

"नक्की?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी हात लांब करून बटण दाबलं.

त्यांनी आधी कवितेच्या छापील ओळी म्हटल्या. काही लिहू नकोस. पुसूही नकोस. कोणी सेलिन नावाची बाई म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजात कविता म्हणते आहे, हे कोणाला उमगेना. जिथे सगळे थांबायचे तिथे तेही क्षणभर थांबले. मग शेवटची ओळ आली. माझ्या फोनवर शीरीनचं भाषांतर उशिरा उमटलं, तिलाही ती ओळ नवीन होती:

एवढंच दिसू दे, की मी अजून श्वास घेतो आहे.

चौकटींतले चेहरे हलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग पूरान खानुमच्या चौकटीत कपाळाऐवजी पूर्ण चेहरा आला. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली होती.

"होशंग?"

"हो."

"तुझा आवाज किती जाड झालाय रे," ती म्हणाली.

त्यावर ते रडले. मी कॅमेरा सुरू केला नाही. त्यांनीच चाचपडत केला, आणि तेहरानच्या त्या सगळ्या लोकांना तळ्याकाठी काळ्या सुटात बसलेला, नाक पुसणारा आपला दिवंगत कवी दिसला. मी उठून लांब जाऊन उभी राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं.

सगळंच गोड झालं असं नाही. तो टक्कल पडलेला मित्र एक शब्दही न बोलता सभेतून निघून गेला, आणि होशंग आगांनी पुढे कितीदा फोन केला तरी त्याने उचलला नाही. "त्याचा हक्क आहे तो," ते म्हणायचे. इंटरनेटवर काहींनी लिहिलं की हा कोणी तोतया आहे. ती कविता आजही बहुतेक ठिकाणी शेवटच्या ओळीशिवायच फिरते. लोकांना अर्धीच जास्त आवडते म्हणे. पण पूरान खानुमचा फोन रोज यायला लागला. करीमच्या नातवाने पुस्तक पुन्हा काढायचं ठरवलं होतं. जुन्या कविता, इथे लिहिलेल्या, सगळ्या. होशंग आगा फोनवर त्या म्हणून दाखवायचे आणि ती लिहून घ्यायची. लिहून घेताना वाद घालायची. "ही ओळ करीमने छापलीच नसती," असं म्हणायची. डबा द्यायला गेले की बंद दाराआडून त्यांचा चढलेला आवाज ऐकू यायचा. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांनंतर ते मेलबर्नला शीरीनच्या घरी झोपेत गेले. पुस्तक त्यानंतर काही महिन्यांनी आलं. शीरीनने एक प्रत पाठवली. मला एक अक्षर वाचता येत नाही. काचेची कविता कुठल्या पानावर आहे ते तिने फोनवर सांगितलं, ते पान मी उघडून बघितलं. शेवटची ओळ लांब आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र त्याआधी, सीमा उघडल्या त्या नोव्हेंबरात. शीरीन त्यांना कायमचं न्यायला गाडी घेऊन आली होती. सामान भरून झालं. आम्ही सगळे फाटकाशी उभे, नेल्सनसुद्धा होता. मी निरोपाचं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "एक मिनिट हं, सेलिन खानुम," म्हणून त्यांनी तो घेतला आणि एका मिनिटाची दहा झाली. पूरान खानुमला एका ओळीत स्वल्पविराम हवा होता. त्यांना नको होता. शीरीनने हसत त्यांना धरून सीटवर बसवलं, बेल्ट लावला, मला मिठी मारली आणि गाडी सुरू केली. ते बोलतच होते. गाडी आमच्या रस्त्यावरून निघाली तेव्हा त्यांचा एक हात खिडकीबाहेर होता, पाचही बोटं एकत्र जुळवलेली, आणि तो स्वल्पविराम का नको हे ते वाऱ्याला पटवून देत होते. मी हात हलवत राहिले. त्यांचं लक्ष नव्हतं.